गाडीची काच

आगरदांडा

चि. बाळास,


मासळीवाल्या काकीने काल सांगितलं आणि माझा घास घशातच अडकला. मंगळवारी दिघीला जाणाऱ्या जंगलजेट्टीवर तुझी गाडी होती म्हणे. दोन हातांच्या अंतरावर कठडा धरून तुझे सर उभे होते. त्यांनी तुला ओळखून हात केला आणि तू काच वर घेतलीस. खरं आहे का हे?

अरे, पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तुमच्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरून दिघीहून लाँचने येणारे सर ते! भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा का येते, हे त्यांनी तुला धक्क्यावर शिकवलं. तुझं डोकं म्हणजे पृथ्वी आणि भोवती फिरवलेला नारळ म्हणजे चंद्र. घरी येऊन तू ते आजोबांना समजावलंस, जन्म दर्यावर काढलेल्या माणसाला! डिप्लोमाची पहिली फी कोणी भरली, ते मी लिहायला नको. आणि तू काच वर घेतलीस.

१४ एप्रिलला समाजमंदिरात ऐकलं ते तेव्हापासून मनात आहे. केळुसकर गुरुजींनी शाळकरी भीमरावांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. गुरुजी १९३४ साली गेले. पण १९५६ मध्ये बाबासाहेबांनी बुद्धावरच्या आपल्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्या भेटीची हकिगत तिच्यात घातली. गुरुजी वाचायला नव्हते, तरी घातली.

रात्री मात्र डोळा लागेना. गाडीत मुंबईचं गिऱ्हाईक होतं ना? डिप्लोमा सुटला, दुसऱ्याची गाडी चालवतोस, हे सरांना दिसू नये म्हणून का रे? मग मी तुला कोणत्या तोंडाने बोलू? मी शाळा सोडू नये म्हणून आमच्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या होत्या. पुढे मुरूडच्या स्टँडवर त्या दिसल्या, तेव्हा माझ्या डोक्यावर मासळीची पाटी. मी पदर ओढून खांबाआड झाले. त्या एसटीत चढल्या, गाडी निघून गेली. परत भेट नाही झाली.

रागाच्या भरात काकीचं अर्धंच बोलणं लिहिलं. सर तिला म्हणाले, "गाडी काय सफाईने चढवली पोराने! मला तर भीतीच वाटत होती." घरी येईपर्यंत तेच सांगत होते.

रविवारी ये. सोडे निवडून ठेवलेत, तुझी एक पुडी आणि सरांची एक. त्यांची तू नेऊन द्यायचीस. एकट्याला जड वाटलं तर मी येते बरोबर, पुढच्या सीटवर बसेन.

तुझी,
आत्या