पालकातलं कॅडमियम मोजताना

मुंबईत लोकलच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक दिसला की ‘यात शिसं किती असेल हो?’ असं कुणीतरी विचारतंच. ते आणि सोबतचं कॅडमियम मोजायला बिस्मथचा थर दिलेला कार्बन इलेक्ट्रोड आणि तळहातावर मावेल एवढा पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) पुरतो. पण त्या आकड्यावर विसंबायचं कधी, हे प्रयोगशाळेत राबूनच कळत गेलं.

१. भाजीचा रस थेट मोजू नका. मिक्सरमधून काढलेल्या रसातली प्रथिनं आणि हरितद्रव्य इलेक्ट्रोडवर थर धरतात आणि आलेखातलं शिखर दबून जातं. नायट्रिक आम्लात, फ्यूम हूडखाली, द्रावण फिकट नि नितळ होईपर्यंत तापवा. मग ॲसिटेट बफर घालून सामू ४.५च्या आसपास आणा. आम्ल जास्त उरलं तर इलेक्ट्रोडवर हायड्रोजनचे बुडबुडे धरतात.

२. आधी ब्लँक घ्या, म्हणजे भाजी न घालता तेच सगळं करून मोजा. पालेभाजीत ताज्या वजनावर कॅडमियमची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम, शिशाची ०.३. एक ग्रॅम पाला विरघळवून ५० मिलिलिटर केला, तर कॅडमियमची ही मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅमवर येते. इतका धातू तर नीट न धुतलेल्या काचेतूनही उतरेल. भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवा.

३. बिस्मथ काय करतो ते समजून घ्या. यारोस्लाव्ह हेरोव्स्कींनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबावर पोलॅरोग्राफी ही विद्युतमापनाची पद्धत उभी केली. १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पारा विषारी, म्हणून २००० मध्ये जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी त्याच्या जागी बिस्मथचा थर पुढे आणला. द्रावणात बिस्मथ मिसळून ते ढवळत उणे १.२ व्होल्ट दिला की दोन-तीन मिनिटांत बिस्मथबरोबर कॅडमियम आणि शिसं इलेक्ट्रोडवर साचतात. ढवळणं थांबवून व्होल्टेज वर नेलं, की कॅडमियम उणे ०.८च्या आसपास सुटतं, शिसं उणे ०.५च्या आसपास. साचवायला वेळ दिला म्हणूनच एवढंसं प्रमाण दिसतं. ती मिनिटं प्रत्येक वेळी तीच ठेवा.

४. तांब्यावर नजर ठेवा. पालकात तांबं मुळातच असतं. ते इलेक्ट्रोडवरची जागा बळकावतं आणि शिशाचं शिखर खुजं करतं. थोडं फेरोसायनाइड घातलं की तांबं बांधलं जातं.

५. शुद्ध पाण्यात काढलेली आलेखरेषा भाजीला लावू नका. त्याच नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणात शिसं टप्प्याटप्प्याने घाला आणि शिखर किती चढतं ते बघा. हात बसला की नाही ते तपासायला प्रमाणित पालकभुकटी मिळते. एनआयएसटी या अमेरिकी मानकसंस्थेच्या १५७०ए या भुकटीत किलोला सुमारे २.९ मिलिग्रॅम कॅडमियम आहे. तेवढं आलं तरच पुढे चला.

६. वजन ओलं की सुकं, हे आधी विचारा. पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. सुक्या वजनावरचे २ मिलिग्रॅम ताज्यावर जेमतेम ०.२ भरतात. हे न बघता मर्यादेच्या दहापट म्हणून ओरड करणारे बरेच भेटतात.

७. एकाच जुडीतली अर्धी पानं धुऊन तपासा, अर्धी न धुता. शिसं बरंचसं धुळीबरोबर पानावर बसतं, म्हणून धुतल्यावर घटतं. कॅडमियम मुळांवाटे आत शिरतं. ते धुऊन जात नाही. शिसं जास्त आलं तर धूळ कुठून येते ते बघायचं, कॅडमियम जास्त आलं तर पाणी आणि माती तपासायची.

८. सेन्सर संशयित नमुने वेगळे काढतो. मर्यादेच्या जवळचा किंवा वरचा प्रत्येक नमुना प्रयोगशाळेतल्या आयसीपी-एमएस यंत्रावर पुन्हा तपासून घ्या आणि त्यानंतरच मळेवाल्याचं नाव तोंडातून काढा. चुकीच्या आकड्याने त्याचा माल पडून राहतो, आणि खरा आकडा दाबला तर ती भाजी कुणाच्या तरी ताटात जाते.