रानमोडीचा बंदोबस्त

कोकण व गोमंतकातील पडीक जमिनींत, कुरणांत आणि काजूच्या बागांत माजणारे रानमोडी हे झुडूप सूर्यफुलाच्या कुळातील क्रोमोलीना या प्रजातीचे होय. त्याचे मूलस्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश. एकोणिसाव्या शतकात ते शोभेसाठी भारतात आले व पुढे रानोमाळ पसरले.

ओळख : पाने समोरासमोर, त्रिकोणी व दातेरी असून त्यांवर तीन ठळक शिरा असतात. पान चुरगळल्यास उग्र वास येतो. हिवाळ्यात पांढरट किंवा फिकट जांभळ्या फुलांचे झुबके येतात.

नुकसान : त्याच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. कोवळ्या पानांत नायट्रेट अधिक असल्याने ती गुरांस विषारी ठरतात. वाळलेली झुडपे उन्हाळ्यात चटकन पेटून वणवा बागेत शिरतो.

उपाय : जाळल्याने रानमोडी मरत नाही, बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून पावसाळ्यात, जमीन मऊ असताना व फुले येण्यापूर्वी, ती मुळासकट उपटावी. मोठे बुंधे कुदळीने खणून काढावेत. फुलांपूर्वी काढलेला पाला कंपोस्ट खड्ड्यात घालावा. दाट सावलीत हे झुडूप वाढत नाही. यास्तव मोकळ्या जागी लगेच झाडे लावावीत.

केसाळ बी वाऱ्याबरोबर दूरवर जाते. एकाने शेत स्वच्छ केले तरी शेजारच्या बांधावरून ते परत येते. याकरिता ग्रामसेवकांनी गावकऱ्यांची सभा घेऊन सर्व शिवारात हे काम एकाच वेळी करवून घ्यावे व पुढील वर्षी उगवलेली रोपेही उपटवावीत.