मोटारीतील चामड्याची आसने : स्वच्छता आणि निगा

चामडे म्हणजे केवळ वाळविलेले कातडे नव्हे. जनावराच्या कातड्यात कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे असते. ओले राहिले तर ते कुजते आणि वाळले की लाकडासारखे ताठ होते. कमाविण्याच्या क्रियेत हे तंतू एकमेकांशी पक्के बांधले जातात. त्यानंतर त्यांच्या फटींत तेल मुरविले जाते, म्हणजे एक तंतू दुसऱ्यावरून घासल्याविना सरकतो. चामड्याचा मऊपणा तो हाच. मोटारीतील आसनांची निगा राखावयाची ती हे आतले तेल टिकविण्यासाठी. बाहेरून तेल चोळणे ही गोष्ट निराळी; परंतु पुष्कळ मोटारमालक या दोहोंची गल्लत करतात आणि त्या भरात चांगल्या चामड्याची नासाडी होते.

या समजुतीला इतिहास आहे. आपल्याकडे चामडे कमावीत ते झाडांच्या साली व फळे वापरून. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमाविलेले असते. दक्षिणेत तरवडाची साल प्रचारात होती. अशा चामड्याचा पृष्ठभाग उघडा असतो, ते पाणी पिते आणि तेलही पिते. मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ साली क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमाविण्याचे प्रयोग हाती घेतले. त्यामागे मोटार नव्हती, विहिरीवरची मोट होती! सालीने कमाविलेली मोट पाण्यात लवकर कुजे, ती टिकाऊ करावयाची होती. हेच चॅटर्टन पुढे म्हैसूर संस्थानात उद्योगखात्याचे संचालक झाले. क्रोमने नीट कमाविलेले चामडे उकळत्या पाण्यातही आकसत नाही. आज मोटारीतील चामडे बहुधा क्रोमने, अथवा क्रोम टाळणाऱ्या नव्या रसायनांनी कमाविलेले असते. शिवाय त्यावर रंगद्रव्याचा थर आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो.

तेव्हा पहिले काम परीक्षेचे. आसनाच्या आडोशाच्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो तसाच मण्यासारखा राहिला तर चामडे लेपयुक्त आहे असे समजावे. जिरून डाग काळसर झाला तर पृष्ठभाग उघडा आहे. लेपयुक्त चामड्यावर चोळलेले खोबरेल किंवा जवसाचे तेल आत शिरत नाही. ते वर चिकटून बसते, धूळ धरते आणि शिवणीच्या दोऱ्यातून खाली उतरते. ग्रंथालयांतूनही असाच अनुभव आला. ब्रिटिश म्यूझियमच्या नावाने प्रसिद्ध असलेले लॅनोलिन व मेण यांचे मिश्रण चामडी बांधणीच्या पुस्तकांना अनेक वर्षे लावले जात असे. ग्रंथसंवर्धकांनी पुढे असे लेप सरसकट लावण्याची प्रथा सोडून दिली.

खरा शत्रू धूळ होय. बंगळूरसारख्या सतत बांधकामे चालू असलेल्या शहरात ती बारीक आणि खरखरीत असते. आसनाच्या सुरकुतीत ती साचली की बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर काचकागदासारखी लेप खरडते. चालकाच्या आसनाची दाराकडील कड सर्वांत आधी झिजते, कारण चढता-उतरताना अंग तिच्यावरूनच घसरते. डोके टेकण्याच्या जागी केसांचे तेल मुरते, हात टेकतो तेथे घाम. जीन्सचा निळा रंग फिकट चामड्याला लागतो; तो पहिल्या काही दिवसांत पुसला तर निघतो, मागाहून निघणे कठीण.

प्रथम निर्वातक यंत्राने शिवणी व सांधे यांतील धूळ ओढून घ्यावी. मग चामड्यासाठीच बनविलेल्या सौम्य द्रावाचा फेस मऊ कुंचल्यावर घ्यावा, आसनावर ओतू नये. भोके पाडलेल्या चामड्यात तो खाली स्पंजापर्यंत जातो. हाताएवढा भाग घेऊन हलकेच घासावे, लगेच ओलसर फडक्याने पुसावे, मग कोरड्याने. कपड्यांचा साबण आणि सोडा वर्ज्य समजावेत. चामडे किंचित आम्लधर्मी असते. अल्क त्याच्या तंतूंतील तेल सैल करतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा एवढे पुरे, मात्र धूळ दर आठवड्याला काढावी.

मलमाचा क्रम यानंतरचा. लेपयुक्त चामड्यावर पाण्यात घोळलेले पातळ मलम लावून उरलेले पुसून टाकावे. त्याचा उपयोग मुख्यतः घर्षण कमी करण्यापुरता. जुन्या गाड्यांतील उघड्या चामड्याला मात्र ते खरोखर पोसते. बंगळूरच्या जयचामराजेंद्र मार्गावर मोटारीच्या सामानाची दाट बाजारपेठ आहे. अशा दुकानांतून चकाकी आणणारी द्रव्ये मिळतात, ती मला निरुपयोगी वाटतात. चकाकणारे आसन बहुधा निसरडे असते. तेथेच मिळणारी आवरणे पुष्कळदा चामड्याची नसून रेक्झिनची असतात. उलट बाजूला कापडाची वीण दिसली की खात्री पटते. त्यांना मलमाची गरज नाही.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, तरी मार्च-एप्रिलमध्ये बंद गाडी भट्टीसारखी तापते. गाडी सावलीत उभी करावी, निदान काचेला पडदा लावावा. मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस. झाडाखाली आठवडाभर बंद राहिलेल्या गाडीत आसनांवर पांढरट बुरशी धरते. ती आत झटकू नये, तिचे बीजाणू गाडीभर पसरतात. दारे उघडून ओलसर फडक्याने टिपावी, फडके लगेच धुवावे आणि गाडी वाऱ्यावर सुकू द्यावी.

चिरा पडल्या असतील तर तंतूच तुटलेले असतात. मलमाने ते सांधले जात नाहीत. लेपातील वरवरची चीर कारागीर भराव घालून, रंगवून झाकू शकतो. चीर खोल असेल तर तेवढा तुकडा उसवून नवा शिववून घ्यावा.