बालवैद्यकातील संशोधनाची उमेदवारी

प्रश्न : माझी कन्या एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षात असून तिला बालरोगशास्त्रात संशोधन करावयाचे आहे. त्याचे शिक्षण कोठे मिळेल?
— एक पालक, शिनोली (ता. आंबेगाव)

उत्तर : पदव्युत्तर प्रवेशापर्यंत थांबण्याचे प्रयोजन नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची जी अल्पमुदतीची शिष्यवृत्ती चालविली आहे, तिच्यासाठी आपल्याच महाविद्यालयातील अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली प्रस्ताव सिद्ध करून अर्ज करता येतो. विषय मात्र लहान असावा. साऱ्या जिल्ह्याचे कुपोषण दोन महिन्यांत निवारू पाहणारे अर्ज दप्तरातच राहतात, आणि ते योग्यच होय.

पद्धती शिकावयाची तर गडचिरोलीचा दाखला अभ्यासावा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना अर्भकांची तपासणी व शुश्रूषा शिकवून 39 गावांत जो प्रयोग केला, आणि तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांतीलही जन्ममृत्यूंची चोख नोंद ठेवून ज्याचा वृत्तान्त 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला, त्यात नवजात मृत्युप्रमाण तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले; औषधाइतकेच श्रेय त्या नोंदवहीचेही आहे. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुक येथे, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे ग्रामीण कार्य चालते. तेथे उमेदवारीची विचारणा अवश्य करावी.

मात्र नीतिसमितीची मंजुरी आणि पालकांची त्यांना समजणाऱ्या भाषेतील लेखी संमती हाती येईपर्यंत एकाही बालकाचे वजन अभ्यासासाठी टिपू नये. सात वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते.