कालच्या गोळीचा गुण

गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांना डॉक्टरांनी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन लिहून दिलं. ५ मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. आकड्यांवर भरवसा असलेला माणूस. घरी बीपीचं यंत्रही होतं. दुसऱ्या दिवशी वरचा आकडा १६०च्या खाली येईना, तेव्हा मास्तरांनी परस्पर दोन-दोन गोळ्या घ्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी घोटे सुजले, खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. किडनी गेली असं स्वतःच ठरवून त्यांनी गोळ्या बंद करून टाकल्या. त्यानंतरही दोन दिवस बीपी झकास! “बघा, गरजच नव्हती,” असं शेजारीपाजारी सांगून झालं. पुढच्या आठवड्यात आकडा १७०वर.

आज दिसणारा आकडा आजच्याच गोळीचा, हे त्यांनी प्रत्येक वेळी गृहीत धरलं होतं.

रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. अ‍ॅम्लोडिपिनचं साधारण ३० ते ५० तास. म्हणजे दुसरी गोळी घेताना पहिलीचा निम्म्याहून जास्त अंश रक्तात असतोच. गळक्या हौदात रोज घागर ओतावी तसं हे चालतं: पाणी चढेल तशी गळती वाढते आणि ओतलेलं-गळलेलं सारखं झालं की पातळी स्थिरावते. त्याला चार-पाच अर्धायुष्यं लागतात. या गोळीला आठवडा-दीड आठवडा. डोस दुप्पट केल्याने तो वेळ कमी होत नाही, पातळी तेवढी दुप्पट उंचीवर जाऊन थांबते. गोळी बंद केल्यावर उतरायलाही दिवस लागतात. घोट्यांची सूज तर या औषधाचा सर्वांना ठाऊक असलेला दुष्परिणाम, डोसबरोबर वाढणारा. किडनीचा बिचारीचा काही संबंध नव्हता.

लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी निम्मी व्हायला सुमारे ७ दिवस घेते. म्हणून डोस बदलला की रक्ततपासणी साधारण ६ आठवड्यांनी. त्याआधी लॅबमध्ये घातलेले पैसे बहुधा वाया. उलट पॅरासिटामॉल दोन-तीन तासांत निम्मं होतं. मात्र त्यावर विसंबून ते कितीही घेऊ नये. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही तेच असतं, आणि निरोगी प्रौढासाठीसुद्धा दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढे यकृताला धोका.

वय झालेल्यांनी जास्तच जपावं, कारण वयाबरोबर किडनीचं काम मंदावतं. हृदयाचं डिगॉक्सिन मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. एरवी त्याचं अर्धायुष्य दीड दिवसाचं, पण किडनी पार थकलेली असेल तर साडेतीन ते पाच दिवस. नेहमीचाच डोस मग अंगात साठत जातो.

नवं औषध सुरू होईल तेव्हा दवाखान्यातून उठण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: पूर्ण गुण किती दिवसांनी दिसेल, आणि एखादी गोळी चुकली तर काय करायचं? उत्तर प्रिस्क्रिप्शनवरच लिहून मागा.