घरगुती उपयोगासाठी इन्व्हर्टरची निवड

वीजपुरवठा खंडित झाला असता दिवे, पंखे व दूरचित्रवाणी संच चालविण्यासाठी खेड्यापाड्यांतूनही इन्व्हर्टर वापरले जातात. तथापि केवळ किंमत पाहून घेतलेला इन्व्हर्टर पुष्कळदा उपकरणांस बाधक ठरतो. म्हणून खरेदीपूर्वी पुढील माहिती शेतकरी बंधूंनी ध्यानी घ्यावी व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ती त्यांस समजावून द्यावी.

इन्व्हर्टरचे प्रकार : बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे २३० व्होल्ट दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणे हे इन्व्हर्टरचे कार्य होय. हा प्रवाह ज्या आकाराच्या तरंगाने मिळतो, त्यावरून तीन प्रकार पडतात.

(१) चौकोनी तरंग : हा स्वस्त असतो. परंतु यावर पंखा गुणगुणतो व मोटार तापते.

(२) सुधारित तरंग : यावर साधे दिवे व मोबाइल चार्जर बहुधा चालतात. मोटारीच्या उपकरणांस मात्र हा तितकासा मानवत नाही.

(३) शुद्ध साइन तरंग : हा वीजमंडळाच्या पुरवठ्यासारखाच असतो. पंखा, शीतकपाट, संगणक व वैद्यकीय उपकरणे यांसाठी हाच घ्यावा.

एकसारख्या चालीने ओढलेली मोट आणि हिसक्यांनी ओढलेली मोट यांत जो फरक, तोच शुद्ध व चौकोनी तरंगांत आहे. पाणी दोन्हींनी येते. पण हिसक्यांनी नाडा लवकर तुटतो.

क्षमतेचा हिशेब : समजा, दोन पंखे १५० वॅट, चार एलईडी दिवे ३६ वॅट व दूरचित्रवाणी संच ६० वॅट, एकूण २४६ वॅट. यास ०.८ ने भागल्यास सुमारे ३०८ व्हीए येतात. त्यात चतुर्थांश वाढ धरून इन्व्हर्टर ४०० व्हीएपेक्षा कमी नसावा. शीतकपाटाची मोटार सुरू होताना कित्येक पट प्रवाह घेते, त्याचा हिशेब वेगळा करावा. विहिरीवरील पंप घरगुती इन्व्हर्टरला कधीही जोडू नये.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास ऊर्जा असते. बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून निम्मीच, म्हणजे ९०० वॅट-तास वापरावी. रूपांतरात सुमारे १५ टक्के घट धरल्यास वरील उपकरणे सुमारे तीन तास चालतील.

दक्षता : बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. भारित होताना तीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ चूल, कंदील वा विडी नसावी. पाण्याची पातळी उतरल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी घालू नये. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जोडणीची. इन्व्हर्टरची तार भिंतीतील सॉकेटात खुपसून घराला वीज देण्याची युक्ती काही जण करतात. ती अत्यंत घातक आहे. अशी वीज उलट दिशेने गावच्या वाहिनीत शिरते व रोहित्रातून तिचा दाब वाढतो. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा प्राण त्यामुळे जाऊ शकतो. म्हणून जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावी व भूसंपर्क तपासून घ्यावा. खरेदीत वाचविलेले चार पैसे कोणाच्याही जिवापेक्षा मोलाचे नाहीत.