मूल म्हणतं, अक्षरं हलतात

वाचायला बसलं की ‘अक्षरं हलतात, ओळ हरवते’, असं मूल म्हणालं तर घरच्यांना पहिली शंका येते ती अभ्यास टाळण्याची. आईबाबांनो, कृपा करून तसं समजू नका. ते सांगतंय ते त्याला खरोखरच जाणवत असतं.

डिस्लेक्सिया ही मुख्यतः अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालण्यातली अडचण. पण काहींचा घोळ अक्षरांच्या जागेशीही असतो. ‘कमल’चं ‘कलम’ होतं, ‘लाल माठ’चं ‘माल लाठ’. दाटीवाटीनं छापलेल्या मजकुरात शेजारची अक्षरं एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात. आपल्या लिपीत तर कसोटीच लागते. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराआधी, उच्चारायची नंतर. रफाराचं नेमकं उलट. त्यात घ-ध, भ-म या जोड्या.

मग दोष डोळ्यांचा का? ‘डिस्लेक्सिया’ हे नाव १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी दिलं, पण कारण त्यांनीही मेंदूतच शोधलं होतं. तरीही नेत्रतपासणी आधी कराच. दूरचा तक्ता घडाघडा वाचणाऱ्या मुलाचीही जवळची नजर कच्ची असू शकते. वाचताना दोन्ही डोळे एका जागी नीट वळत नसतील, तर अक्षरं दुहेरी दिसतात, डोकं दुखतं. हा त्रास व्यायामानं बराच कमी होतो. डिस्लेक्सिया मात्र डोळ्यांच्या व्यायामानं जात नाही.

रंगीत काचांच्या चष्म्यावर पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनीही २००९ च्या संयुक्त निवेदनात या उपायाला पुरेसा आधार नसल्याचं म्हटलं आहे. त्यापेक्षा मोठा टाइप, अक्षरांत आणि ओळींत मोकळी जागा, ओळीखाली पट्टी, हे करून पाहा. धडा तुम्ही वाचून दाखवा. खरा उपचार म्हणजे विशेष शिक्षकाकडून आवाज-अक्षरांची नेमानं, टप्प्याटप्प्यानं शिकवणी. ती जितकी लवकर, तितकी बरी.

डोळे ठीक असूनही अडचण राहिली, तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. चाचणीचा निकाल येईपर्यंत मुलाला वर्गासमोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका, एवढं शिक्षकांना उद्याच भेटून सांगा.